दुसरा टेक्निकल

नियमपुस्तकात मेलेल्या माणसाला नातेवाईक नसतात. ज्या संघाचा प्रशिक्षक आपला बाप, भाऊ किंवा नवरा आहे त्याच्या सामन्यात पंचाने उभे राहू नये, असे कलम होते. पण मनोहर वैरागडे जाऊन वर्ष होत आले होते, आणि त्यांच्या जागी नागपूर ब्लेझर्सच्या बेंचवर जो त्यांच्या आवाजात बोलणारा डबा बसत होता तो बास्केटबॉल लीगच्या कागदोपत्री 'बेंच उपकरण' होता. उपकरणाला मुलगी नसते. त्यामुळे उपांत्य सामन्याच्या पंचांमध्ये सुरुची वैरागडेचे नाव आले तेव्हा कोणाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. कोल्हापूरच्या संघाला वाटले, ही उलट जास्तच कडक राहील. नागपूरला काय वाटले ते नागपूर बोलले नाही.

सुरुचीला नाही म्हणता आले असते. पण नाही म्हणणे म्हणजे तो डबा आपला बाप आहे असे कबूल करणे, आणि ते तिला मरेपर्यंत करायचे नव्हते.

सामन्याच्या दिवशी सकाळी ती घरी गेली तेव्हा आई साडीला इस्त्री करत होती. ब्लेझर्सच्या घरच्या प्रत्येक सामन्याला ती ठेवणीतली साडी नेसून जायची. क्लबने तिला बेंचच्या बरोबर मागची खुर्ची कायमची देऊन ठेवली होती. नवऱ्याचा आवाज वापरायची परवानगी तिनेच दिली होती, मुलीला न विचारता.

"तू नाही म्हणायचं होतंस," आई वर न बघता म्हणाली.

"का म्हणून?"

"तुझ्या हातात शिट्टी बघितली की ते चिडतात."

"चिडायचे, आई. आता चिडतं ते यंत्र आहे."

"असू दे." आईने पदराची घडी उलटली. "शेवटचा दीड महिना त्यांच्या गळ्यातून नुसती घरघर यायची. तू रविवारी यायचीस आणि सोमवारी पुण्याला पळायचीस. मी ऐकत बसायची. आता मला त्यांचा धडधाकट आवाज ऐकायला मिळतो. ओरडतात, शिव्या घालतात, मी बसते. तुझं काय जातं त्यात?"

चहा न घेताच सुरुची निघाली, आणि आईने तिला थांबवले नाही.

डब्यामागचे शास्त्र तसे गूढ नव्हते. टीव्हीवाल्यांनी प्रशिक्षकांच्या कॉलरला माइक लावायला सुरुवात करून कितीतरी हंगाम लोटले होते. छतावरचे कॅमेरे दहा खेळाडू आणि चेंडू यांची जागा क्षणाक्षणाला टिपत, जर्सीत शिवलेली पट्टी हृदयाचे ठोके मोजे. हे धागे एकमेकांत गुंफले की वैरागडे सर कोणत्या घडीला काय बोलले आणि त्यानंतर कोर्टवर काय घडले, याचा हजारो तासांचा साठा तयार होत होता. यंत्र त्यावरून आधी अनुकरण शिकले. अशा वेळी सर काय म्हणाले असते, एवढाच प्रश्न त्याला घातला होता, आणि त्याचे उत्तर ते इतके हुबेहूब देई की जुने खेळाडू दचकत.

पण नुसत्या नकलेने सामने जिंकता येत नाहीत. म्हणून दुसऱ्या टप्प्यात त्याला दुसरा प्रश्न दिला गेला. सरांच्या आवाजात काय बोलले असता संघाचा फायदा होईल? ज्या बोलण्याने फायदा झाला ते पक्के करायचे, ज्याने झाला नाही ते टाकून द्यायचे. कबुतराला दाणे टाकून शिकवतात, त्यातलाच प्रकार. पहिला प्रश्न एका माणसाबद्दल होता. दुसऱ्यात तो माणूस उरला नव्हता, त्याचा गळा तेवढा उरला होता.

त्यात एक घोळ होता, आणि तो मनोहर वैरागडेच घालू जाणोत. सामना संपला की कॉलरचा माइक बंद करायचा असतो. त्यांना ते एकदाही आठवले नाही. माइक लावूनच ते बसमध्ये घोरत, माइक लावूनच धाब्यावर सावजीच्या रश्शाला नावे ठेवत, आणि माइक लावूनच बायकोला फोन करून सामन्याची चिरफाड ऐकवत. टीव्हीची पोरे हसत आणि सगळे जपून ठेवत. क्लबने हा साठा घेतला तेव्हा कोणी तो निवडला-पाखडला नाही. जितके जास्त तितके चांगले, असे त्या धंद्यात मानतात.

खेळाडूंच्या कानात काही घालायला लीगने मनाई केली होती. तेव्हा डबा मोठ्याने बोलणार, आणि बेंचवरून जो बोलेल त्याला बेंचचे सगळे नियम लागू, असे बऱ्याच भांडणांनंतर ठरले होते. शिक्षाही त्यात आल्या. गैरवर्तनाचा एक टेक्निकल फाउल म्हणजे समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. दोन टेक्निकल म्हणजे बाहेर.

संध्याकाळी स्टेडियम खच्चून भरले होते. रिवाजाप्रमाणे दोन्ही पंच प्रशिक्षकांशी हात मिळवायला गेले. ब्लेझर्सचा नावापुरता प्रशिक्षक प्रफुल्ल मोटघरे होता, वैरागडे सरांचा एके काळचा कर्णधार. त्याने सुरुचीच्या हातात हात दिला आणि नजर चुकवली. शेजारच्या खुर्चीवर करड्या रंगाचा, टिफिनपेक्षा थोडा मोठा डबा ठेवला होता.

"आले का पंच?" डबा म्हणाला. "चष्मा आणला का बे घरून, का आजही अंदाजपंचे?"

आजूबाजूचे खेळाडू हसले. हे सरांचे ठरलेले वाक्य होते, सुरुचीने टीव्हीवर अनेकदा ऐकलेले. मागच्या खुर्चीत आईही हसली. सुरुची पाठ फिरवून मध्यरेषेकडे गेली.

दुसऱ्या क्वार्टरला डब्याने तोंड सोडले. नागपूरचा एक बास्केट तिने रद्द केला होता.

"ए शिट्टी! तो पडला ते दिसलं नाही का तुले? काय व, नुसती पाहून राह्यली! तुयापेक्षा तो झेंड्याचा खांब बरा, निदान मधात तरी येत नाही!"

सुरुची थांबली, शिट्टी फुंकली, एका तळहातावर दुसऱ्या हाताची बोटे टेकवून टेक्निकलची खूण केली आणि डब्याकडे बोट दाखवले. प्रेक्षकांत सगळीकडून एकदम गदारोळ उठला.

"बापाले टेक्निकल देते! लाज वाट्टे का?"

"मेल्यावर तरी सोड ना त्याले!"

मुख्य पंच इक्बाल शेख जवळून पळत गेला. वीस वर्षे शिट्टी वाजवून त्याचा आवाज घोगरा झाला होता. "सही दिला," तो म्हणाला. "पण दुसरा दिला तर बाहेर जाईल तो. सोच के देना."

शिव्या खाणे सुरुचीला जड नव्हते. गुडघ्याच्या दुखापतीने तिचे खेळणे संपले आणि तिने पंचाची परीक्षा दिली, तेव्हा "आपल्या घरात शिट्टी फक्त कुकरची," एवढेच बाबा म्हणाले होते. त्यानंतर बापलेकीत सगळ्या विषयांवर बोलणे होई, बास्केटबॉल सोडून. त्यामुळे हे ओरडणे तिला थोडे सोयीचेच वाटले. ओरडणाऱ्या प्रशिक्षकाचे काय करायचे ते तिला ठाऊक होते.

तिसऱ्या क्वार्टरला खेळ तिच्या बाजूला आला आणि ती बेंचपासून दोन हातांवर उभी राहिली. डब्याचा आवाज बदलला. त्याच्या पुढच्या जाळीतून तो एखाद्या सरळ काठीसारखा तिच्याकडे आला.

"सुरू."

या नावाने तिला हाक मारणारे आता आईशिवाय कोणी नव्हते, आणि आईही अलीकडे मारत नव्हती.

"गुडघा दुखून राह्यला का व? डाव्या पायावर भार देऊन उभी आहे तू. बर्फ लावत जा."

ती डाव्या पायावर भार देऊन उभी होती. तिने पाय बदलला, आणि तेवढ्यात समोर दोन अंगे एकमेकांवर आदळली. नागपूरचा गडी घुसला होता, कोल्हापूरचा कर्णधार पोवार छातीवर धक्का घेऊन आडवा झाला होता. तिने शिट्टी मारली. हात आपोआप कमरेवर गेले. ब्लॉकिंग, म्हणजे वाट अडवली, पोवारचा फाउल.

शिट्टी ओठांतून निघतानाच तिला कळले होते की ती उशिरा निघाली आणि चुकीची निघाली. हे चार्जिंग होते, फाउल घुसणाऱ्याचा.

"मॅडम, मी जागचा हललोच न्हाई!" पोवार उठत ओरडला. "काय बघताय तुम्ही?" आणि तिच्या शेजारून जाताना हळूच म्हणाला, "वडिलांस्नी विचारून शिट्टी मारताय व्हय?"

याला टेक्निकल देता आला असता. तिने दिला नाही, कारण तो खरे बोलला होता.

क्वार्टर संपल्यावर ती सरळ बेंचकडे गेली. डब्यामागे त्याचा अभियंता बसला होता, पुण्याचा सारंग टिपणीस, मांडीवर पडदा घेऊन.

"गुडघ्याचं त्याला कोणी सांगितलं?"

टिपणीसने पडद्यावर बोट फिरवले. "मी काहीच घातलेलं नाही, मॅडम. ते स्वतः निवडतं. त्याच्या दृष्टीने पंचांची शिट्टी ही कोर्टवरची आणखी एक हालचालच आहे. ओरडल्याने तुमचे निर्णय हलत नाहीत, हे त्याला दुसऱ्या क्वार्टरला कळलं. म्हणून त्याने ओरडणं टाकून दिलं."

"आणि?"

"आणि दुसरं काहीतरी चालतं, हे आत्ता कळलं."

"ते जे बोलतं ते बाबा खरंच कधी बोललेले असतात, की ते रचतं?"

"दोन्ही. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, ते बाहेरून नाही सांगता येत. सामन्यानंतर साठ्यात शोधून बघू शकतो."

"बंद करा ते."

"बेंचवर कोण बसणार ते हेड कोच ठरवतात."

सुरुचीने मोटघरेकडे पाहिले. तो टॉवेलने मान पुसत होता. "मले काय पाहता मॅडम?" तो चिडून म्हणाला. "मले काही हौस आहे का डब्याची हमाली करायची? तो बोलला का पोट्टे वाघासारखे धावतात. मी बोललो का पाणी प्यायले जातात. तुम्हाले त्रास होत असन तर तुमच्याजवळ शिट्टी आहे. वाजवा."

मागच्या खुर्चीतून आई बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असे काही होते, की जणू सुरुचीने घरातल्या आजारी माणसाच्या उशापाशी मोठ्याने भांडण काढले आहे.

चौथा क्वार्टर घासाघाशीचा झाला. दोन्ही संघ एका-एका गुणाने पुढेमागे होत राहिले. शेवटी कोल्हापूर एका गुणाने पुढे होते, घड्याळात एका हल्ल्यापुरता वेळ उरला होता, आणि चेंडू नागपूरचा, नेमका ब्लेझर्सच्या बेंचसमोरून आत टाकायचा. तो खेळाडूच्या हातात देण्याचे काम सुरुचीचे होते. ती कडेच्या रेषेवर चेंडू घेऊन उभी राहिली. खेळाडू जागा पकडत होते, ढकलत होते. स्टेडियम नुसते गर्जत होते.

त्या गर्जनेच्या खालून आवाज आला.

"सुरू, अमरावतीचा तो सामना मी पाह्यला होता टीव्हीवर."

ती हलली नाही.

"शेवटच्या मिनिटाले चार्जिंग दिलं तू. सारं स्टेडियम अंगावर आलं होतं, तरी तू ढिम्म. बरोबर होतं ते. मी असतो तरी तेच दिलं असतं. तुले सांगायले पाह्यजे होतं मी. नाही सांगितलं."

अमरावतीच्या त्या सामन्यानंतर तिला पोलिसांच्या गाडीतून बाहेर काढावे लागले होते. हॉटेलच्या खोलीत ती फोन समोर ठेवून बसली होती. मित्रांचे आले, इक्बालचा आला, एका वर्तमानपत्राचा आला. बाबांचा आला नाही. नंतरही त्या सामन्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि मग त्यांना बोलताच येईनासे झाले.

चेंडू तिच्या हातात होता. समोरचा खेळाडू हात पसरून "मॅडम, मॅडम" करत होता. आणि सुरुचीच्या लक्षात आले की आपण पुढच्या वाक्याची वाट बघत आहोत. सगळे अंग कान करून, तहानलेल्या माणसाने नळाला तोंड लावावे तशी.

डबा थोडा थांबला. मग म्हणाला, "बाकीचं मॅच झाल्यावर सांगतो."

मनोहर वैरागडेंनी हयातीत काहीही अर्धे सांगून ठेवले नव्हते. जे बोलायचे ते तोंडावर, नाहीतर अजिबात नाही. हे अर्धे ठेवणे त्यांचे नव्हते. हा दाणा होता.

तिने चेंडू काखेत धरला आणि शिट्टी मारली. टेक्निकलची खूण केली. मग मूठ वळून हात उंच केला आणि दाराकडे बोट दाखवले.

काय झाले ते कोणालाच कळले नाही. डबा ओरडला नव्हता, शिवी दिली नव्हती. लोकांना दिसले ते एवढेच, की ऐन वेळी पोरीने बापाला बाहेर काढले. वरून पाण्याची पहिली बाटली आली, मग चपला, मग अर्धवट खाल्लेली कणसे. टिपणीसने वायरी सोडवल्या आणि डबा छातीशी धरून तो आत जाणाऱ्या बोगद्याकडे निघाला. त्याच्या हातातून आवाज येतच होता, आता पुन्हा चढलेला.

"कोणं दिली हिले शिट्टी? पोट्टेहो, डिफेन्स सोडू नका! डिफेन्स!"

सुरुचीची आई उठली. तिने पर्स उचलली, पदर सावरला आणि मुलीकडे न पाहता त्या आवाजाच्या मागे चालू लागली. दार बंद होईपर्यंत सुरुची त्या दोघांकडे बघत राहिली. मग तिने फ्री थ्रोसाठी पोवारला रेषेवर बोलावले.

पोवारने तो घातला. नागपूर दोन गुणांनी मागे गेले. मोटघरे आपल्या पोरांना काहीतरी म्हणाला, आणि पोरांनी या हंगामात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी हल्ला चांगला रचला. चेंडू रिंगच्या कडेला लागला, वर उडाला आणि बाहेर पडला.

पोलिसांनी दोन्ही पंचांना ढालींखालून बोगद्यात आणले. इक्बालच्या शर्टावर कोणाचे तरी सरबत सांडले होते.

"ऐसा क्या बोला उसने?"

"चांगलं बोलला."

"मग?"

"म्हणूनच."

इक्बालने तिच्याकडे निरखून पाहिले आणि शर्टावरचे सरबत झटकले.

आतल्या मार्गिकेत भिंतीलगत एक लाकडी बाक होता. त्यावर आई बसली होती आणि शेजारी तो डबा. त्याचा दिवा विझला होता. टिपणीस समोर उभा होता, आपण इथे असावे की नाही हे न कळणाऱ्या माणसासारखा.

"बंद केला याने," आई म्हणाली. "बोलता बोलता. दवाखान्यात नळी काढली तेव्हा झालं होतं ना, तसंच. बोलता बोलता थोडेच गेले होते ते म्हणा. पण गप्प झाले, ते असंच. मी दोनदा बघितलं. एकदा देवाने केलं, एकदा तू."

सुरुची उभी राहिली.

"मॅडम," टिपणीस घसा साफ करून म्हणाला, "अमरावतीचं ते जे बोललं ते साठ्यात आहे का, शोधू का? फार वेळ नाही लागायचा."

"काय शोधता?" आई त्याच्यावर खेकसली. "फोनच्या दुसऱ्या टोकाला मीच होते ना? मला विचारा की." मग ती मुलीकडे वळली. सकाळपासून तिने मुलीच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाहिले. "मागेच बसले होते मी. शब्द न् शब्द ऐकला. ते असं काहीही म्हणाले नव्हते."

मार्गिकेच्या टोकाला लोक दारावर थापा मारत होते.

"मग काय म्हणाले?"

आईने पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"त्या दिवशी त्यांचा सामना हैदराबादला होता. बसमधून फोन केला होता. स्वतःचा सामना राहिला बाजूला, अर्धा तास तुझ्यावरच. म्हणाले, 'ही पोट्टी एखाद दिवशी माझ्या बेंचसमोर आली ना, तर मले मॅच संपेस्तोवर बसू द्यायची नाही.'"

"हसत होते?"

"नाही," आई म्हणाली. "चिडले होते. चांगलेच."

सुरुचीने मान खाली घातली. तिचा चेहरा आईला दिसला असेल, पण आईने तिला जवळ घेतले नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मी तुझ्याबरोबर येणार नाही. ऑटो बघून दे."

"मॅडम, बाहेर नका जाऊ," टिपणीस म्हणाला. "मी बघतो ऑटो."

"तिला सांगितलंय," आई म्हणाली.

पंचांचा करडा शर्ट बदलण्याइतकाही वेळ सुरुचीने घेतला नाही. मागच्या दाराने ती रस्त्यावर आली. फाटकाजवळ घोळके उभे होते. कोणीतरी तिला ओळखले, कोणीतरी नाव घेऊन हुर्यो केली. एक बाई तिच्या पायापाशी थुंकली. ती चालत राहिली आणि पानठेल्याजवळच्या पहिल्या ऑटोपुढे थांबली. चालकाने मोबाइलवरून डोके वर काढले. त्याच्या मोबाइलवर तोच क्षण पुन्हा पुन्हा चालला होता. वर गेलेला हात, दाराकडे वळलेले बोट.

त्याने एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे.

"तुम्हीच का त्या? बापाले बाहेर काढणाऱ्या?"

"हो," सुरुची म्हणाली. "मीच. आईला घरी सोडायचंय. येता का?"